सुप्त कासदाहामुळे गायीच्या दुधाच्या घडणीत होणारे बदल : एक शास्त्रीय विवेचन

सारांश :
कासदाह हा दुधाळ जनावरांमध्ये सर्वत्र आढळणारा व दुग्धव्यवसायाची मोठी आर्थिक हानी करणारा रोग आहे. त्याच्या सुप्त अवस्थेत कास व दूध दोन्ही वरकरणी निरोगी दिसतात; तथापि दुधाच्या रासायनिक घडणीत महत्त्वाचे बदल झालेले असतात. दुग्धशर्करा, केसीन व पोटॅशियम यांचे प्रमाण घटते, तर सोडियम, क्लोराइड व रक्तातून झिरपलेली प्रथिने वाढतात. एक घटक घटत असताना दुसरा वाढत असल्याने एकूण बेरजेत हा बदल पुरेसा उमटत नाही. दुधाचा दर मात्र बेरजेवरच ठरतो. प्रस्तुत लेखात या बदलांची कारणमीमांसा, दुग्धपदार्थांवरील परिणाम व दूध उत्पादकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सुप्त कासदाह, कायिक पेशी, दुग्धशर्करा, केसीन, क्लोराइड, एसएनएफ.

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दृष्टीने दुग्धव्यवसाय हा आता केवळ जोडधंदा राहिलेला नाही. उसाचे बिल वर्षाकाठी येते, कांद्याच्या भावाचा भरवसा नसतो. परंतु दुधाचे पैसे ठरावीक दिवसांनी हाती येतात आणि त्यावर घरखर्च चालतो. १९७० ते १९९६ या काळात राबविलेल्या दूध महापूर योजनेने संकलनाची घडी बसविली, तर संकरित गायींच्या प्रसारामुळे प्रतिगाय उत्पादन वाढले. उत्पादनक्षमतेबरोबर कासेवरील ताणही वाढला आणि कासदाहाचा प्रश्न अधिक ठळक झाला.

ग्रामीण भागात या रोगास 'दगडी' म्हणतात. कास सुजून दगडासारखी टणक होते, यावरून हे नाव पडले. परंतु हे नाव रोगाच्या उघड अवस्थेचेच वर्णन करते. गाठी, गरमपणा, वेदना, दुधातील गुठळ्या किंवा रक्त ही लक्षणे दिसली की पशुपालक सावध होतो व ते दूध बाजूला काढतो. याउलट सुप्त अवस्थेत यांपैकी काहीच दिसत नाही. अशी गाय नेहमीप्रमाणे खाते, रवंथ करते व धार देते. तिचे दूध इतर दुधात मिसळून संकलन केंद्रावर जाते. म्हणूनच दुधाच्या घडणीच्या अभ्यासात सुप्त कासदाहाला विशेष महत्त्व आहे.

१. कासेची रचना व जंतूंचा प्रवेश :
गायीच्या कासेचे चार स्वतंत्र भाग असतात व प्रत्येक भागाचे दूध आपापल्या सडातून बाहेर येते. एका भागातील दूध दुसऱ्यात जात नाही. त्यामुळे एकाच गायीच्या तीन सडांतून निरोगी व चौथ्यातून बाधित दूध येणे शक्य असते. जंतू बहुधा सडाच्या टोकावरील छिद्रातून आत शिरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी हे प्रामुख्याने एका गायीकडून दुसरीकडे, धार काढणाऱ्याचे हात, फडके किंवा यंत्राचे कप यांच्यामार्फत पसरतात, ई. कोलाय व स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे शेण, चिखल व ओला गोठा यांतून येतात.

जंतू आत शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, मोठ्या संख्येने कासेत उतरतात. दुधातील या पेशी व कासेच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी मिळून 'कायिक पेशी' ही संज्ञा वापरली जाते. निरोगी भागाच्या दुधात त्यांची संख्या साधारणतः प्रति मिलिलिटर १ लाखाच्या आत असते. ती २ लाखांच्या वर गेल्यास तो भाग बाधित असण्याची शक्यता बळावते. कायिक पेशी हे रोगाविरुद्ध चाललेल्या प्रतिकाराचे माप होय. परंतु या प्रतिकाराची झळ दूध तयार करणाऱ्या पेशींनाही बसते.

२. निरोगी दुधाची घडण :
गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे येतात. स्निग्धांश वगळता उरणाऱ्या घन भागास 'स्निग्धेतर घनघटक' म्हणजेच व्यवहारातील 'एसएनएफ' म्हणतात. प्रथिनांपैकी जवळजवळ ८० टक्के भाग केसीनचा असतो व उरलेला निवळीतील प्रथिनांचा. केसीनचे कण कॅल्शियम व फॉस्फेट धरून ठेवतात. चीज किंवा दही यांचा घट्टपणा मुख्यत्वे या कणांच्या जाळ्यावर अवलंबून असतो.

दूध रक्तापासून बनत असले तरी ते रक्त गाळून मिळणारा द्रव नव्हे. रक्तात सोडियम भरपूर व पोटॅशियम अल्प असते. दुधात याच्या उलट स्थिती असते. दुग्धशर्करा तर रक्तात जवळजवळ नसतेच. ती कासेतील पेशी स्वतः तयार करतात. हा फरक टिकतो तो पेशींमधील घट्ट सांध्यांमुळे. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना अशा बिलगलेल्या असतात की त्यांच्या फटीतून रक्ताकडील द्रव दुधात किंवा दूध रक्तात सहजी जाऊ शकत नाही. कासदाहाने दुधात घडणारे बहुतेक बदल दोन कारणांनी समजून घेता येतात : दूध बनविणाऱ्या पेशींची क्षमता घटणे आणि हा अडसर सैल होणे.

३. आकड्यांतील चित्र :
अमेरिकन दुग्धशास्त्रज्ञ आर. जे. हार्मन यांच्या १९९४ मधील आढावा लेखाच्या आधारे दुग्धशास्त्रात वारंवार उद्धृत होणारी तुलना पुढीलप्रमाणे आहे. (आकडे टक्क्यांत; पहिला आकडा निरोगी दुधाचा, दुसरा अधिक कायिक पेशी असलेल्या दुधाचा.)

एसएनएफ : ८.९ — ८.८
स्निग्धांश : ३.५ — ३.२
दुग्धशर्करा : ४.९ — ४.४
एकूण प्रथिने : ३.६१ — ३.५६
केसीन : २.८ — २.३
निवळीतील प्रथिने : ०.८ — १.३
इम्युनोग्लोब्युलिन : ०.१० — ०.६०
सोडियम : ०.०५७ — ०.१०५
क्लोराइड : ०.०९१ — ०.१४७
पोटॅशियम : ०.१७३ — ०.१५७

अशा तुलनेत निरनिराळ्या मोजमापांचे आकडे एकत्र येतात. त्यामुळे ते परस्परांत काटेकोर बेरीज करण्यासाठी नसून बदलाची दिशा समजण्यासाठी आहेत. रोगाची तीव्रता, जंतूचा प्रकार व वेताचा काळ यांनुसार ते कमीजास्त होतात. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. वरच्या पातळीवरील एसएनएफ व एकूण प्रथिने हे आकडे जवळपास स्थिर आहेत आणि त्यांच्या पोटातील आकडे मात्र ठळकपणे बदललेले आहेत.

४. दुग्धशर्करा व क्षार :
दुधाचा व रक्ताचा परासरणदाब सारखा राहणे ही शरीराची गरज असते. निरोगी दुधात हा दाब राखण्याचा मोठा वाटा दुग्धशर्करेचा असतो. ती पाणी ओढून घेते, म्हणूनच दुधाचे आकारमान बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते. कासदाहात पेशी कमी दुग्धशर्करा तयार करतात. तयार झालेल्यांपैकी काही सैल सांध्यांतून रक्तात जाते व लघवीवाटे बाहेर पडते. परिणामी दुधाचे प्रमाण घटते. घटलेल्या दुग्धशर्करेची उणीव भरून काढण्यासाठी रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात येतात, तर पोटॅशियम उलट दिशेने निघून जाते. अशा दुधाला किंचित खारट चव येते ती यामुळेच.

क्षारांचे प्रमाण वाढल्याने दुधाची विद्युतवाहकता वाढते. निरोगी दुधाचा सामू साधारणतः ६.६ ते ६.७ असतो, रक्ताचा ७.४ च्या आसपास. रक्तद्रव मिसळू लागल्यावर दुधाचा सामू वाढून ६.८ ते ७ पर्यंत, तीव्र रोगात त्याहूनही वर जाऊ शकतो.

क्लोराइड व दुग्धशर्करा विरुद्ध दिशांना सरकत असल्याने त्यांचे गुणोत्तर हे रोगाचे अधिक संवेदनशील निदर्शक ठरते. क्लोराइडच्या टक्केवारीस १०० ने गुणून दुग्धशर्करेच्या टक्केवारीने भागल्यास येणाऱ्या संख्येस 'कोस्टलर अंक' म्हणतात. निरोगी दुधात तो साधारणतः २ च्या आत असतो व ३ च्या वर गेल्यास दूध विकृत मानले जाते. वरील आकड्यांवरून हा अंक निरोगी दुधात १.८६ व बाधित दुधात ३.३४ इतका येतो. दुग्धशर्करेतील घट केवळ दहा टक्क्यांची असली तरी गुणोत्तर पावणेदोन पटींहून अधिक वाढते. अर्थात, वेताच्या अखेरीस गाय आटत असतानाच्या दुधातही असाच कल दिसतो. म्हणून निष्कर्ष काढताना वेताचा काळ विचारात घेणे आवश्यक असते.

५. प्रथिने : बेरीज तीच, घटक वेगळे :
प्रथिनांच्या बाबतीत कासदाहाचे स्वरूप सर्वाधिक फसवे आहे. एकूण प्रथिने ३.६१ वरून ३.५६ टक्क्यांवर येतात. हा फरक रोजच्या चढउतारातही सामावून जाईल. परंतु १०० किलो दुधातील केसीन २.८ किलोवरून २.३ किलोवर येते, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी घटते. एकूण प्रथिनांत केसीनचा वाटा ७८ टक्क्यांवरून सुमारे ६५ टक्क्यांवर उतरतो. ही पोकळी रक्तातून आलेले अल्ब्युमिन व इम्युनोग्लोब्युलिन भरून काढतात. लॅक्टोफेरिन या जंतुरोधक प्रथिनाचे प्रमाणही वाढते.

केसीन घटण्याची कारणे दोन. पेशींची निर्मितीक्षमता मंदावते हे पहिले. दुसरे कारण म्हणजे तयार केसीनचे विघटन. रक्तातून येणाऱ्या प्लाझ्मिनोजेनपासून प्लाझ्मिन हे विकर बनते व कायिक पेशींतील द्रव्ये या रूपांतराला चालना देतात. प्लाझ्मिन विशेषतः बीटा-केसीनचे तुकडे करते. त्याला शरीराचे तापमान व किंचित अल्कधर्मी सामू मानवतो, त्यामुळे धार काढण्यापूर्वी कासेतच हे विघटन सुरू झालेले असते. शिवाय पाश्चरीकरणाच्या उष्णतेने प्लाझ्मिन नष्ट होत नाही. दूध जंतुविरहित केले तरी केसीनचे तुटणे साठवणीत चालूच राहते.

६. स्निग्धांशातील बदल :
स्निग्धांशाचे प्रमाण बहुधा थोडे घटते. परंतु दुधाचे आकारमान त्याहून अधिक घटल्यास टक्केवारी तशीच राहते किंवा वाढलेलीही दिसू शकते. म्हणून केवळ फॅटच्या आकड्यावरून कासेच्या आरोग्याचा अंदाज बांधता येत नाही. महत्त्वाचा बदल गुणात्मक असतो. स्निग्धकणांवरील आवरण दुबळे होते, लायपेज विकरांना आतील स्निग्धांशापर्यंत वाट मिळते आणि मुक्त मेदाम्ले वाढतात. दुधाला व लोण्याला खवट वास येण्याचे हे एक कारण आहे.

७. दुग्धपदार्थांवरील परिणाम :
चीजनिर्मितीत रेनेटच्या साहाय्याने केसीनचे जाळे तयार होते व निवळी निघून जाते. केसीन कमी व सामू अधिक असल्यास दूध विरजण्यास वेळ लागतो, साका मऊ राहतो, त्यात पाणी अधिक धरले जाते व स्निग्धांश निवळीबरोबर वाहून जातो. रक्तातून आलेल्या प्रथिनांचा येथे उपयोग होत नाही. तीही बहुतांशी निवळीत जातात. पनीरमध्ये दूध प्रथम तापविले जात असल्याने निवळीतील काही प्रथिने केसीनबरोबर साकळतात, त्यामुळे तेथील नुकसान तुलनेने कमी असते. मात्र पोत व चव यांवर परिणाम होऊ शकतो. क्षारांचा समतोल बिघडल्याने व उष्णतेला न टिकणारी प्रथिने वाढल्याने असे दूध तापविताना फाटण्याची शक्यताही वाढते. खवा आटवून केला जातो, त्यामुळे दुधातील खारटपणा त्यात अधिक तीव्र होतो.

पाश्चरीकृत दुधाच्या टिकाऊपणाबाबत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. त्याच गायींचे संसर्गापूर्वीचे व संसर्गानंतरचे दूध त्यांनी तपासले. कायिक पेशींची सरासरी संख्या प्रति मिलिलिटर ४५ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर गेली होती. शीतगृहात ठेवलेल्या पाश्चरीकृत दुधात संसर्गानंतर स्निग्धांशाचे विघटन सुमारे तिप्पट व केसीनचे विघटन सुमारे दुप्पट वेगाने झाले आणि १४ ते २१ दिवसांच्या दरम्यान खवट व कडवट चव जाणवू लागली. कारखान्यात आलेले दूध पुढे कितीही काळजीपूर्वक हाताळले तरी गोठ्यात झालेला बदल मागे फिरविता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

८. संकलन केंद्रावरील मापन व उत्पादकाची बाजू :
३.५ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफ या प्रमाणाला धरून गायीच्या दुधाचा दर जाहीर करण्याची रीत महाराष्ट्रात रुळलेली आहे. दर ठरविण्याची ही पद्धत सोपी व जलद असली तरी सुप्त कासदाहाच्या संदर्भात तिच्या मर्यादा उघड होतात. एसएनएफ हा आकडा केसीन व रक्तातील प्रथिने यांत भेद करीत नाही; दुग्धशर्करा व मीठ यांतही करीत नाही. सौम्य रोगातील बदल या बेरजेत बुजून जातो. उत्पादकाला फॅट व एसएनएफ योग्य लागल्याचे समाधान मिळते, पण कास आजारी असल्याची सूचना मिळत नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. रोग वाढून दुग्धशर्करा बरीच घटली की दुधाची घनता कमी होते, लॅक्टोमीटरची 'डिग्री' उतरते आणि दुधात पाणी घातल्याचा संशय येऊ शकतो. क्लोराइड वाढलेले असल्याने मिठाची भेसळ तपासणाऱ्या रासायनिक चाचणीतही असे दूध संशयास्पद ठरू शकते. ज्याने दुधात थेंबभरही पाणी घातलेले नाही, अशा उत्पादकावर भेसळीचा ठपका येण्याची ही शक्यता आहे. या ठिकाणी गोठणबिंदूची चाचणी मार्गदर्शक ठरते. पाणी मिसळल्यास गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. कासदाहात दुग्धशर्करेची जागा क्षार घेत असल्याने तो जवळपास तसाच राहतो. म्हणजेच पाणी घातलेले दूध व आजारी कासेचे दूध यांत शास्त्रीयदृष्ट्या फरक करता येतो. मात्र केवळ डिग्रीवरून तो करता येत नाही.

एकत्रीकरणामुळेही रोग झाकला जातो. एका गायीच्या तीन सडांच्या दुधात प्रति मिलिलिटर ८० हजार व चौथ्यात १६ लाख कायिक पेशी असून चारही भागांचे दूध समान आहे असे मानल्यास सरासरी ४ लाख ६० हजार येते. हेच दूध इतर निरोगी गायींच्या दुधात मिसळल्यावर आकडा आणखी उतरतो. तरीही सामूहिक दुधाची पेशीसंख्या ही गुणवत्तेची एक कसोटी म्हणून अनेक देशांत स्वीकारली गेली आहे. युरोपीय संघाने कच्च्या गायीच्या दुधासाठी प्रति मिलिलिटर ४ लाखांची, तर अमेरिकेने 'ए' श्रेणीच्या दुधासाठी ७ लाख ५० हजारांची मर्यादा ठेवली आहे. मर्यादा वेगवेगळ्या असल्या तरी दूध किती आहे याबरोबर ते कोणत्या कासेतून आले, हा विचार दोन्हींत आहे.

९. गोठ्यातील तपासणी :
सुप्त कासदाह डोळ्यांनी दिसत नसला तरी तो ओळखण्यासाठी महागडी प्रयोगशाळा आवश्यक नाही. शाल्म व नूरलँडर यांनी १९५७ मध्ये मांडलेली कॅलिफोर्निया कासदाह चाचणी आजही उपयुक्त आहे. चार कप्प्यांच्या पसरट भांड्यात चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन त्यात तेवढेच द्रावण मिसळतात. द्रावणातील निर्मलक कायिक पेशी फोडते, त्यांच्यातील डीएनए मोकळे होते व मिश्रण चिकट बनते. पेशी जितक्या अधिक तितका चिकटपणा अधिक. घरगुती कपडे धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावण वापरूनही याच तत्त्वावर प्राथमिक तपासणी करता येते. निरोगी दूध पातळच राहते, बाधित दुधाची तार येते. चीक देणाऱ्या किंवा आटत आलेल्या गायींत मात्र पेशी स्वभावतःच अधिक असतात, हे लक्षात ठेवावे.

बाधित सड आढळल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करणे, प्रतिजैविक दिल्यावर ठरवून दिलेल्या कालावधीपर्यंत ते दूध विक्रीस न पाठविणे, बाधित गायीची धार सर्वांत शेवटी काढणे, धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडविणे व सडाचे छिद्र मिटेपर्यंत गाय उभी राहावी म्हणून तिच्यापुढे वैरण टाकणे, हे उपाय अल्प खर्चाचे व परिणामकारक आहेत.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.
१. कासदाहात दूध केवळ कमी होत नाही, तर त्याची घडण रक्ताच्या घडणीकडे सरकते.
२. एकूण प्रथिने व एसएनएफ स्थिर दिसत असतानाही केसीन, दुग्धशर्करा व क्षार यांत मोठा फेरबदल झालेला असू शकतो. बेरीज योग्य असणे म्हणजे दूध निरोगी असणे नव्हे.
३. या बदलांचा तोटा उत्पादक, प्रक्रिया उद्योग व ग्राहक अशा तिघांनाही सोसावा लागतो. त्यातील घटलेल्या दुधाचा व उपचाराचा भार थेट उत्पादकावर पडतो.
४. घटलेल्या डिग्रीचा अर्थ प्रत्येक वेळी भेसळ असा लावणे अशास्त्रीय आहे. अशा प्रसंगी संबंधित गायींची कासदाह चाचणी करणे न्याय्य ठरेल.
५. दूध संस्थांनी सभासदांच्या गोठ्यांत ठरावीक कालावधीने सडनिहाय तपासणीची सोय केल्यास रोग लवकर हाती लागेल.

दुधाची प्रत कारखान्यात सुधारत नाही. ती फार तर टिकविता येते. ती ठरते कासेत. म्हणून गुणवत्तेची पहिली तपासणी संकलन केंद्राच्या खिडकीवर नव्हे, तर धार काढण्यापूर्वी गोठ्यात होणे आवश्यक आहे.